मॉनिटर-व्हर्जिनिया मॉडेल संच: पेटीत नसलेले तिसरे जहाज

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतील यादवी युद्धात, हॅम्प्टन रोड्स या खाडीतल्या लढाईत समोरासमोर आलेल्या उत्तरेच्या मॉनिटर आणि दक्षिणेच्या व्हर्जिनिया या दोन चिलखती युद्धनौकांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती एकाच पेटीत देणारा १:२०० प्रमाणाचा संच गेले सात आठवडे माझ्या टेबलावर होता. दोन्ही जहाजे जोडून, रंगवून आणि बैठकीवर चढवून झाल्यानंतरच हे परीक्षण लिहायला घेतले आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच साच्यांतून निघालेले असे संच निरनिराळ्या नावांच्या पेट्यांतून फिरत असतात. पेटीत काय आहे हे कळले की संच ओळखू येतोच. माझे मत आधीच सांगून टाकतो. जुळवणीच्या दृष्टीने हा संच उत्तम आहे, मोजमापांच्या बाबतीत नवल वाटावे इतका चोख आहे, आणि इतिहासाच्या बाबतीत एका दिवसाने चुकलेला आहे.

पेटीत करड्या प्लॅस्टिकच्या सहा चौकटी, त्यांत मिळून १३६ भाग, पाण्यात भिजवून चिकटवायच्या निशाणांचा एक कागद, दोन लाकडी बैठका आणि २४ पानांची पुस्तिका निघते. प्लॅस्टिक मऊसर आहे, पात्याने कापताना त्याचे टवके उडत नाहीत, आणि भागांच्या कडेला साच्याचा पापुद्रा अगदी थोडा राहिला आहे. व्हर्जिनियाच्या बुडाचे दोन अर्धे जुळवताना नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापाशी, अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, ती पुट्टीने भरावी लागली; एवढे सोडले तर कानशीला फारसे काम पडले नाही. रंगांबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही. काळा, करडा, थोडासा गंज आणि पाणरेषेखाली तांबूस, एवढ्यात भागते.

१:२०० हे प्रमाण निवडल्याचा खरा फायदा लांबीत नाही, जाडीत कळतो. मूळ मॉनिटर १७९ फूट लांब होती, ती येथे २७ सेंटिमीटरांवर येते. व्हर्जिनिया २७५ फुटांची, ती ४२ सेंटिमीटर भरते. पण लांबी कोणीही बरोबर देतो. मॉनिटरच्या फिरत्या बुरुजाची भिंत एकेक इंच जाडीचे आठ लोखंडी पत्रे एकावर एक बसवून केलेली होती. आठ इंच भागिले दोनशे म्हणजे एक मिलिमीटर, आणि कॅलिपर लावून पाहिला तर या संचातील बुरुजाची भिंत खरोखरच एक मिलिमीटर भरते. मी पूर्वी जोडलेल्या संचांत ती याच्या दुप्पट जाड होती. त्याहून बोलके मोजमाप डेकच्या उंचीचे आहे. मॉनिटरचा डेक पाण्याच्या वर जेमतेम दीड फूट होता, म्हणजे येथे सव्वादोन मिलिमीटर. पाणरेषा आखण्यासाठी चिकटपट्टी लावली तेव्हा पट्टीच्या वर उरलेली ती चिंचोळी कड पाहताच दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. शत्रूच्या गोलंदाजाला नेम धरण्यासाठी या जहाजाने बुरुजाखेरीज जवळजवळ काही शिल्लकच ठेवले नव्हते. आणि ज्या लाटेला नेम धरावा लागत नाही, तिच्यापुढे ते पुरते उघडे होते. ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे, ऱ्होड आयलंड या जहाजामागे दोरांनी ओढली जात असताना, मॉनिटर केप हॅटेरसजवळच्या वादळात बुडाली आणि तिच्यावरील १६ जण गेले. पाण्यात उतरून तिला पुरते एक वर्षही झाले नव्हते.

एकूण वेळेपैकी निम्मा वेळ मी एकट्या बुरुजावर घालवला आणि त्याचे वाईट वाटत नाही. पुस्तिकेनुसार तो डेकमधील खुंटीवर बसतो आणि फिरतो. माझा आधी घट्ट बसला. खुंटीला मऊ पेन्सिलीचे शिसे घासल्यावर सुटला, पण सुटला तो असा की बोटाने ढकलल्यावर लगेच निघत नाही आणि एकदा निघाला की हवा तेथे थांबत नाही. हा साच्याचा दोष म्हणून मी नोंदवून ठेवला होता, तो नंतर खोडला, कारण नेमकी हीच खोड मूळ बुरुजात होती. त्याला फिरवण्यासाठी खाली स्वतंत्र वाफेचे इंजिन होते, परंतु न्यूयॉर्कहून येताना आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने त्याची नियंत्रणे गंजली होती. लढाईत बुरूज नेमका थांबवणे इतके जिकिरीचे झाले की बुरुजातला अधिकारी लेफ्टनंट ग्रीन आणि त्याच्या गोलंदाजांनी तो नाद सोडून दिला आणि फिरत्या बुरुजाच्या खिडकीसमोर शत्रू आला की बत्ती द्यायची, अशी पद्धत धरली. डावी कोणती, उजवी कोणती, नाळ कुठे, हे समजावे म्हणून बुरुजाखालच्या स्थिर डेकवर पांढऱ्या खुणा केलेल्या होत्या. त्याही पायांखाली पुसल्या गेल्या. खिडक्यांवरची लोखंडी झाकणे इतकी अवजड होती की प्रत्येक वेळी ती उघडण्या-लावण्यापेक्षा तोफा भरेपर्यंत अख्खा बुरूजच शत्रूकडे पाठ करून उभा केला जाई. संचात ही झाकणे वेगळे भाग म्हणून दिली आहेत आणि ती अर्धवट उघडी बसवता येतात, ही बारकाई मला फार आवडली.

बुरुजाच्या बुडाशी मात्र एक शक्यता वाया गेली आहे. मॉनिटरचा रचनाकार जॉन एरिक्सन, जन्माने स्वीडिश, याची कल्पना अशी होती की एरवी बुरूज आपल्या भाराने डेकमधील पितळी कड्यावर घट्ट टेकून राहावा आणि फिरवायचा असेल तेव्हाच मधल्या दांड्याखाली पाचर मारून तो किंचित उचलावा. समुद्रप्रवासाला निघताना मात्र बुरूज उचलून त्याखाली जुन्या दोरांचे उकललेले तंतू ठासण्यात आले, लाटांनी ते धुऊन काढले आणि तेथूनच पाणी आत शिरले. प्रतिकृतीत हे कडे नुसते कोरलेल्या रेषेने दाखवले आहे. चकतीसारखा एक वेगळा भाग दिला असता तर हौशी माणसाला ही सगळी करामत डोळ्यांसमोर उभी करता आली असती.

आतल्या दोन डाल्ग्रेन तोफा ११ इंच व्यासाच्या आहेत, म्हणजे येथे त्यांचे तोंड १.४ मिलिमीटर, आणि ते आधीच पोखरलेले मिळते. खऱ्या तोफांचे वजन प्रत्येकी सुमारे सात टन होते. त्या फुटतील या धास्तीने एका बाराला १५ पौंडांपेक्षा अधिक दारू वापरायची नाही असा हुकूम होता. दुप्पट दारू त्या सहज सोसतात, हे पुढच्या चाचण्यांत कळले. पूर्ण दारू वापरली असती तर व्हर्जिनियाचे कवच फुटले असते का, यावर तेव्हापासून वाद घातला जात आहे. मला तरी वाटते की फुटले असते, निदान ज्या जागी एकाहून अधिक गोळे बसले तेथे.

आता पहिली मोठी चूक. मॉनिटरचे सुकाणूघर बुरुजात नसून नाळेच्या बाजूला, डेकवर एका चौकोनी लोखंडी खोक्यात होते. प्रतिकृतीत बुरूज फिरवून तोफा पुढे आणल्या की त्यांची तोंडे थेट या खोक्याकडे वळतात, आणि हे जहाज समोर का मारा करू शकत नव्हते हे समजावून सांगायला दुसरे काही लागत नाही. सुकाणूघर आणि बुरूज यांना जोडणारी बोलनळी लढाईत निकामी झाली, तेव्हा कप्तान वॉर्डनचे हुकूम धावत जाऊन पोचवावे लागले. अखेर एक गोळा सुकाणूघराच्या फटीवरच फुटला आणि वॉर्डनच्या डोळ्यांत दारू आणि लोखंडाचे कण गेले. संचात दिलेले सुकाणूघर उतरत्या बाजूंचे आहे. तशा उतरत्या बाजू त्याला लढाईनंतर, हाच अनुभव घेऊन बसवण्यात आल्या. पेटीवर तारीख ९ मार्च १८६२ अशी ठळक छापायची आणि आत नंतरचे सुकाणूघर द्यायचे, हे चालणार नाही. मी जाड प्लॅस्टिकच्या पट्टीतून चौकोनी खोके कापून बसवले; काम अर्ध्या तासाचे आहे.

व्हर्जिनियाच्या बाबतीत तक्रारी कमी आहेत, एक मात्र गमतीची आहे. हे जहाज मुळात मेरीमॅक नावाची वाफेवर चालणारी लाकडी फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका होती. एप्रिल १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने नॉरफोकजवळची गोदी सोडताना ती जाळून बुडवली. दक्षिणेने ती वर काढली आणि जळून उरलेल्या बुडावर सुमारे ३६ अंशांच्या उताराचे, घराच्या छपरासारखे कवच उभारले. दोन फूट जाडीचे ओक आणि पाइनचे लाकूड आणि त्यावर दोन-दोन इंचांचे लोखंडी पट्ट्यांचे दोन थर, अशी ती रचना होती. पट्ट्या रिचमंडच्या ट्रेडेगर कारखान्यात तयार झाल्या. प्रतिकृतीत छपराचा हा कोन कोनमापकाने तपासला, बरोबर आहे. पट्ट्यांच्या आडव्या-उभ्या रेघा इतक्या नाजूक कोरल्या आहेत की जाड रंगाचा एक हात दिला तर बुजतील, म्हणून रंग पातळ करूनच लावावा. नाळेकडचा आणि मागचा डेक पाण्याखाली असायचा, तोही पुस्तिकेने बरोबर दाखवला आहे. पाण्यावर फक्त छप्पर तरंगते आहे असे दिसायला हवे आणि तसेच दिसते.

गमतीची गोष्ट म्हणजे भाग क्रमांक ८८, नाळेवरची लोखंडी चोच. मूळ चोच दीड हजार पौंडांची होती, आणि येथेही ती टोकदार, देखणी साकारली आहे. पुस्तिका ती चिकटवायला सांगते. परंतु ही चोच ८ मार्चला उत्तरेच्या कंबरलँड नावाच्या लाकडी जहाजाच्या कुशीत घुसली आणि तेथेच मोडून राहिली; ९ मार्चला मॉनिटरशी गाठ पडली तेव्हा व्हर्जिनियाला चोच नव्हतीच. पेटीवरील चित्रात मात्र ती पाण्यातून डोकावते आहे.

बैठकीवर दोन्ही जहाजे शेजारी ठेवली की आणखी एक फरक दिसतो, आणि तो दिसावा म्हणून पाणरेषेपर्यंत न कापता पूर्ण बूड दिल्याबद्दल उत्पादकाचे आभार मानले पाहिजेत. व्हर्जिनियाला २२ फूट पाणी लागे, मॉनिटरला साडेदहा फूट. बैठकीवर हे अंतर ३३ मिलिमीटर आणि १६ मिलिमीटर असे भरते. उत्तरेचे मिनेसोटा हे लाकडी जहाज उथळ पाण्यात रुतून बसले असतानाही व्हर्जिनियाला त्याच्या जवळ का जाता आले नाही, मॉनिटर मात्र तिच्याभोवती घिरट्या का घालू शकली, हे त्या दोन बुडांकडे पाहून समजते. व्हर्जिनियाची इंजिने मेरीमॅकच्या काळीच बदनाम होती, त्यात काही काळ पाण्याखाली राहिलेली. तिला वळायला अर्धा तास लागे. नॉरफोक दक्षिणेच्या हातचे गेल्यावर जेम्स नदीतून राजधानी रिचमंडकडे जाण्याइतके तिचे बूड वर येईना, तेव्हा ११ मे १८६२ रोजी तिच्याच माणसांनी तिला सुरुंग लावला.

पुस्तिकेतील जुळवणीच्या आकृत्या स्वच्छ आहेत, इतिहासाची चार पाने मात्र उतावीळपणे लिहिलेली आहेत. मॉनिटर हे जगातील पहिले चिलखती जहाज, असे तेथे सरळ विधान आहे. ते चूक आहे. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी सिनोपच्या बंदरात रशियन आरमाराने आत दारू भरलेले कुलपी गोळे टाकून तुर्कांचा लाकडी काफिला जाळला, तेव्हाच लाकडाचे दिवस भरल्याचे स्पष्ट झाले होते. १७ ऑक्टोबर १८५५ रोजी काळ्या समुद्रावरील किनबर्न किल्ल्यासमोर देव्हास्तासियों, लाव्ह आणि तोनांत या तीन फ्रेंच तरंगत्या चिलखती तोफखान्यांनी मारा सोसून दाखवला. १८५९ मध्ये द्युप्युई द लोम या फ्रेंच रचनाकाराची ग्लॉयर पाण्यात उतरली. तिच्या लाकडी अंगावर सुमारे १२ सेंटिमीटर लोखंड होते. इंग्रजांनी पुढच्याच वर्षाच्या अखेरीस वॉरियरने उत्तर दिले, आणि तिचा तर सांगाडाच लोखंडी होता. मॉनिटरचे वेगळेपण पहिलेपणात नाही. सगळा मारा एका फिरत्या बुरुजात गोळा करणे आणि सुमारे शंभर दिवसांत जहाज बांधून पाण्यात उतरवणे, यात ते आहे, आणि पुस्तिकेने तेच सांगितले असते तर पुरे होते.

माझी मुख्य तक्रार मात्र चोचीची नाही आणि पुस्तिकेचीही नाही. पेटीवर जी झुंज आहे ती सुमारे चार तास चालली, दोन्ही जहाजे कधी कधी एकमेकांना घासण्याइतकी जवळ आली, मॉनिटरवर वीसहून अधिक गोळे बसले, आणि त्या सबंध वेळात दोन्ही जहाजांवर मिळून एकही माणूस मेला नाही. चिलखताने चिलखताला अडवले, एवढाच त्या सकाळचा निकाल होता. चिलखत म्हणजे काय, हे जगाला कळले ते आदल्या दुपारी, आणि त्या दुपारचे काहीच या पेटीत नाही. म्हणून जुन्या पुठ्ठ्यातून मी कंबरलँडची एक बाजू कापली. मूळ जहाज १७५ फुटांचे, १८४२ मध्ये पाण्यात उतरलेले, निव्वळ शिडांवर चालणारे. पुठ्ठ्यावर ते २७ सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ मॉनिटरएवढेच लांब. पण त्याच्या तीन डोलकाठ्या उभ्या केल्या आणि ते व्हर्जिनियाच्या शेजारी ठेवले, तेव्हा टेबलावरचे चित्रच पालटले. एकीकडे उंच, उघडे, चहूबाजूंनी दिसणारे जहाज आणि दुसरीकडे पाण्याला टेकलेले ते काळे छप्पर.

८ मार्चला कंबरलँड न्यूपोर्ट न्यूजजवळ नांगरून उभी होती. वारा नव्हता, इंजिन नव्हते, त्यामुळे हलता येण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे आणि काँग्रेस या दुसऱ्या जहाजाचे गोळे व्हर्जिनियाच्या उतारावरून घसरून जात राहिले. व्हर्जिनियाने कंबरलँडच्या कुशीत चोच घातली, आणि बुडणाऱ्या जहाजाबरोबर स्वतःही खाली ओढली जाता जाता ती सुटली. कंबरलँडचे गोलंदाज पाणी डेकवर येईपर्यंत तोफा डागत होते. ती तळाशी बसली तेव्हा डोलकाठीवरचे निशाण पाण्याच्या वर फडकत होते. त्यानंतर काँग्रेसला आग लागली आणि मध्यरात्र उलटल्यावर तिचा दारूसाठा उडाला. त्या दोन जहाजांवर मिळून अडीचशेच्या आसपास माणसे मेली. व्हर्जिनियावर दोन मेली, आणि तिचा कप्तान बुकॅनन जखमी झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी सूत्रे केट्सबी जोन्सकडे गेली. दोनाशी अडीचशे, हा चिलखताचा खरा हिशेब आहे.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 'यानंतर' या मथळ्याखाली तीन-चार ओळी आहेत, त्यांत फक्त चिलखत जाड होत गेल्याचे सांगितले आहे. ते खरे आहे, पण अपुरे. तोफ चिलखत फोडू शकत नाही असे दिसल्यावर बहुतेक आरमारे चोचीच्या मागे लागली, आणि २० जुलै १८६६ रोजी एड्रियाटिक समुद्रातील लिस्सा बेटाजवळ ऑस्ट्रियाच्या फेर्डिनांड माक्सने इटलीच्या रे दितालियाला टक्कर देऊन बुडवल्यावर तर तो ध्यासच झाला. पुढची कित्येक वर्षे नवी जहाजे चोच घेऊनच जन्माला येत राहिली. १८९३ मध्ये ब्रिटिशांच्या कवायतीत कँपरडाउनने आपल्याच व्हिक्टोरियाला अशी टक्कर दिली आणि ३५८ माणसे गेली. बुरुजाची कल्पना मात्र टिकली. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० च्या सुमारास बांधलेल्या मॅगडाला आणि ॲबिसिनिया या दोन युद्धनौका मॉनिटरच्याच कुळातल्या, बुटक्या आणि दोन बुरुजांच्या होत्या. उलट बुरूज, पूर्ण शिडे आणि पाण्यालगतचा डेक एकाच जहाजात कोंबण्याचा हट्ट ब्रिटिशांच्या कॅप्टन या जहाजाने केला आणि सप्टेंबर १८७० मध्ये वाऱ्याने ते उलटले. ज्याचा हा हट्ट होता तो कूपर कोल्स त्याच्याबरोबर बुडाला. किल्ल्यांपुढे चिलखती जहाजांची मात्रा फारशी चालली नाही: एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेच्या चार्ल्सटन बंदरातील किल्ल्यांसमोर गेलेल्या उत्तरेच्या नऊ जहाजांपैकी केओककवर सुमारे नव्वद गोळे बसले आणि दुसऱ्या सकाळी ती बुडाली. पाण्याखालून आलेल्या घावाला तर चिलखताजवळ उत्तरच नव्हते. ऑगस्ट १८६४ मध्ये अलाबामाच्या किनाऱ्यावरील मोबाइल शहराजवळच्या उपसागरात टेकमसे ही मॉनिटरच्या जातीची युद्धनौका एका पाणसुरुंगावर गेली आणि काही क्षणांत दिसेनाशी झाली. यातले अर्धे जरी त्या शेवटच्या पानावर असते तरी पुस्तिकेची किंमत वाढली असती.

संच घ्यावा का? ज्याने पूर्वी दोन-तीन जहाजे जोडली आहेत, ज्याच्याकडे पातळ पाते आणि थोडा धीर आहे, त्याने अवश्य घ्यावा. पहिलाच संच जोडणाऱ्या मुलाला तो देऊ नये. बुरुजाची एक मिलिमीटरची भिंत चौकटीतून कापताना हमखास तडकते, आणि सुटे भाग मागवण्याची सोय पेटीत कुठे दिलेली नाही. निशाणांचा कागद जुना झालेला असेल तर निशाण पाण्यात सुटण्याऐवजी विरघळते, तेव्हा आधी एक कोपरा भिजवून पाहावा. सुकाणूघराचे चौकोनी खोके स्वतः करावे. आणि भाग क्रमांक ८८ व्हर्जिनियाला चिकटवू नये. माझ्या फळीवर व्हर्जिनियाची नाळ बोथट आहे, आणि चोच पुठ्ठ्याच्या कंबरलँडमध्ये, पाणरेषेच्या थोडी खाली, पात्याने पाडलेल्या फटीत खोचून ठेवली आहे.